देवराष्ट्रेची जीप आणि माझ्या पोर्चमधली गाडी

आज कॅमेरा नेहमीच्या टेबलासमोर नाही, बाहेर पोर्चमध्ये लावलाय. पुस्तकातून वाचणाऱ्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. माझ्या मागे जे उभं आहे त्याला अजून नाव नाही. चार चाकं आहेत, बॉनेट नाही, रंग म्हणून नुसता लाल प्रायमर मारलाय. चेसिस आणि दोन्ही अ‍ॅक्सल मोडीत निघालेल्या एका जिप्सीचे. वरचा पाइपांचा पिंजरा आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीने जोडलाय. तमिळमध्ये तो मेस्त्री, आपल्याकडे मिस्त्री. दोन्ही शब्द मूळ पोर्तुगीज, हे मला इथे चेन्नईत राहायला आल्यावर कळलं. काम सुरू होऊन हे चौथं वर्ष. घरातल्यांनी पोर्चमध्ये गाडी लावायचा नाद कधीच सोडलाय.

मागच्या भागात शक्तिमान ट्रकबद्दल बोललो. आज विषय छोट्या गाडीचा, डोंगरात, चिखलात, वाट नसलेल्या ठिकाणी चालेल अशी गाडी स्वतःच्या हाताने घरी बनवण्याचा. पेन्शनर लोकांचा महागडा खेळ म्हणून याकडे बघितलं जातं. माझ्या बाबतीत ते थोडंफार खरंही आहे. पण आपल्या देशातली मोटार कारखान्यात मोठी झाली त्याच्या आधी ती लोहार, सुतार आणि फिटरच्या हातून गेलेली आहे. हा इतिहास आपण सांगत नाही, कारण त्यात कुणाचा पुतळा नाही.

सुरुवात याच शहरातून करू. माउंट रोडवरची सिम्पसन कंपनी १८४०ची. धंदा घोडागाड्या बांधण्याचा. चामडं, लाकूड, लोखंडी धावा, स्प्रिंगा, हे सगळं करणारे कारागीर तिच्याकडे होते. त्याच कंपनीतल्या सॅम्युअल जॉन ग्रीन या माणसाने १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बनवली. भारतात बांधलेली पहिली मोटार म्हणून तिचं नाव घेतलं जातं. लक्षात घ्या, तेव्हा मद्रासच्या रस्त्यावर मोटार हीच एक नवलाई होती. ज्यांनी ती बनवली ते मोटारवाले नव्हतेच, बग्गीवाले होते. बग्गी बांधणाऱ्याला चाक, कणा आणि स्प्रिंग यांचा हिशोब पाठ असतो. वाफेचं यंत्र त्यावर बसवायचं होतं, इतकंच.

आता जीपकडे येतो, कारण वाट सोडून चालणाऱ्या प्रत्येक गाडीची आजी तीच. आपली समजूत अशी की अमेरिकेने मोठ्या कारखान्यात, मोठं संशोधन करून जीप बनवली. प्रत्यक्षात १९४०च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने निविदा काढली तेव्हा अट होती, नमुन्याची गाडी ४९ दिवसांत द्या. बड्या कंपन्यांनी हात वर केले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या जवळजवळ दिवाळं निघालेल्या कंपनीने ते अंगावर घेतलं. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं, त्याने दोन-तीन दिवसांत आराखडे काढले. मग या लोकांनी केलं काय? इंजिन कॉन्टिनेंटल कंपनीचं उचललं. अ‍ॅक्सल स्पायसर कंपनीकडून घेतले, तेही स्टुडबेकर मोटारीच्या अ‍ॅक्सलमध्ये फेरफार केलेले. पत्रा हाताने ठोकला. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरिलँडमधल्या हॉलाबर्ड छावणीत चालवत नेऊन हजर केली, मुदत संपायच्या आत. पुढे मोठी ऑर्डर विलीज आणि फोर्ड यांना मिळाली आणि युद्धात सहा लाखांवर जीपा बनल्या. बँटमच्या वाट्याला ट्रेलर आले. म्हणजे जगातली पहिली जीप ही शेल्फवरचे तयार भाग जोडून, घाईगर्दीत, हाताने केलेली एक जुळणीच होती. हे सांगितलं की माझा मेस्त्री खूश होतो.

युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात पडून राहिलेल्या लष्करी गाड्या सरकारने विकायला काढल्या. त्या जीपा चहाच्या मळ्यात, जंगल खात्यात, जमीनदारांच्या वाड्यांत गेल्या. मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली ती स्वातंत्र्याच्या त्याच सुमाराला. पुढे सीजे ३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आपल्याकडे इतकी वर्षं चाललं की ते भारतीयच वाटायला लागलं. ते बॉनेट उंच का, तर आत बसवलेलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं. सौंदर्याचा काही संबंध नाही. इंजिन मावेना म्हणून पत्रा वर उचलला. घरी गाडी बांधणारा नेमकं हेच करतो.

कारखान्याच्या बाहेरही जीपा बनत राहिल्या. हरियाणात सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली नावाचं गाव आहे. सैन्याच्या लिलावातला माल घ्यायचा, कुठला गिअरबॉक्स, कुठलं इंजिन, नवा पत्रा ठोकायचा आणि ऐटबाज जीप उभी करायची, हा तिथला नामांकित धंदा. पंजाबात पोस्टिंग असलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा. आम्ही ज्या गाड्या 'बीईआर', म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडे, असा शेरा मारून सॅल्व्हेजला पाठवायचो, त्या दोन वर्षांनी लग्नाच्या वरातीत क्रोमचे बंपर लावून समोर यायच्या. ओळखीचा माणूस नटून भेटावा तसं वाटायचं.

आणि इथे चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ची, आणि या पट्टीवर त्यांनी अनेक वर्षं शर्यती घेतल्या. परदेशी रेसिंग मोटार आणायला ना परवाना ना परकीय चलन. मग इथल्या पोरांनी अँबॅसेडर, फियाट, हेराल्ड यांची इंजिनं घेऊन घरच्या गॅरेजमध्ये 'स्पेशल' बनवल्या. नंतर इरुंगाट्टुकोट्टईला पक्का ट्रॅक झाला. त्या स्पेशल गाड्या वाट सोडून चालणाऱ्या नव्हेत, पण हात तोच.

इथवर मी कौतुक केलं. आता दुसरी बाजू. हा भाग मी गेले सहा महिने टाळत होतो.

सैन्यात गाडीत फेरफार करायचा तर त्याला शिस्त आहे. उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं देतो. १९६५च्या सप्टेंबरात खेमकरण भागात ४ ग्रेनेडियर्सच्या कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. ते फोडले जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने. ती तोफ दोनशे किलोंच्या वर. एवढ्याशा जीपवर ती कशी पेलली? रिकॉइललेस म्हणजे धक्का मागच्या बाजूला वायूच्या झोताने निघून जातो, गाडीच्या अंगावर येत नाही. आणि तोफेचं बूड जीपच्या फरशीवर, अ‍ॅक्सलच्या आसपास बसवलेलं. कुणीतरी बसून हिशोब केला होता.

आम्ही केला नव्हता. साल १९८७. मी इथल्याच ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून, म्हणजे आताच्या ओटीएतून, बाहेर पडून चार वर्षं झाली होती. बटालियनचा एमटीओ होतो, सगळ्या गाड्या माझ्या ताब्यात. उत्तरेकडच्या डोंगरात आमची एक पोस्ट होती, तिथे पाणी खालून न्यावं लागे. रस्ता इतका अरुंद की वळणावर ट्रेलर वळत नसे. आमचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, वडील गावात लोहारकाम करणारे, हाताला भारी कसब. त्याने कल्पना काढली की जीपच्या मागच्या भागावर अँगल आयर्नची चौकट उभी करायची आणि तिच्यावर दोन थरांत दहा जेरीकॅन ठेवायचे. वीस लिटरचा एक कॅन, म्हणजे दोनशे लिटर पाणी एका फेरीत. मला म्हणाला, "साहेब, बघा, खेचरांच्या दोन फेऱ्या वाचतात." मी बघितलं, वेल्डिंग सुरेख होतं. मी हो म्हटलं. तोंडी. कागदावर काही नाही. सीओसाहेबांनीही शाबासकी दिली.

गणित किती सोपं आहे बघा. समजा चाकांमधली रुंदी चार फूट आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन फुटांवर. तर कागदावर गाडी ४५ अंश कलली की पलटी खाईल. तोच गुरुत्वमध्य अर्धा फूट वर गेला की हा कोन ३९ अंशांवर येतो. हे नुसतं कागदावर. प्रत्यक्षात उताराच्या बाजूची स्प्रिंग दबते, टायर दबतो, अर्धवट भरलेल्या कॅनमधलं पाणी त्याच बाजूला धावतं, आणि तुमचे ३९ अंश भरभर खाली येतात. दोनशे किलो वजन, तेही खांद्याच्या उंचीवर. शाळेतल्या मुलाला दिलं असतं तर त्याने मांडलं असतं हे गणित. मी बीएस्सी होतो.

तिसऱ्या आठवड्यात पावसाने रस्त्याची कड सुटली होती. डावं चाक एक वीत खाली गेलं, तेवढंच. रिकामी जीप असती तर कललेली उभी राहिली असती. ही आडवी झाली आणि वीस फूट घसरली. सोबतचा जवान उडी मारून वाचला. ड्रायव्हरचा उजवा पाय चौकटीखाली सापडला. गुडघ्याखाली काढावा लागला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. ड्रायव्हरने हॉस्पिटलच्या खाटेवरून जबानी दिली की चौकट मी माझ्या मनाने बसवली, साहेबांना माहीत नव्हतं. मला कुणी तसं बोलायला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. त्याला वाटलं, आपलं जे व्हायचं ते झालं, साहेबांची नोकरी तरी राहू दे. त्या दिवशी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नोंदीत असं काही नाही." शब्दाने खोटं नव्हतं ते. रात्रभर झोप आली नाही हे सांगून मी स्वतःला मोठा करणार नाही. आली, थोडी आली. सकाळी उठून पीठासीन अधिकाऱ्यांकडे गेलो आणि माझ्या जबानीत भर घाला म्हटलं, परवानगी माझी होती. मला वरिष्ठांची नाराजी मिळाली, लेखी. माझी बढती एका बोर्डाने लांबली. त्याचा पाय गेला. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात की आपला मोटार कायदा कल्पकतेचा शत्रू आहे, तेव्हा मी लगेच मान हलवत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी २०१३ साली त्याच न्यायालयाने पाण्याच्या पंपाचं इंजिन लावलेल्या 'जुगाड' गाड्यांनाही मोटार वाहन ठरवून कायद्याच्या कक्षेत आणलं. त्या जुगाडात बसून बाजाराला जाणाऱ्या बायका-पोरांचा विचार केला तर यात चूक काय? ब्रेकचा पाइप फुटला की कल्पकता कामाला येत नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. नवीन गाडी रस्त्यावर आणायची तर नियम १२६प्रमाणे नमुना चाचणीला द्यावा लागतो. पुण्याला एआरएआय आहे, पूर्वीच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, व्हीआरडीई आहे, इथे ओरगडमला मोठं केंद्र झालंय. सगळी उत्तम. पण ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. एका माणसाने बनवलेली एकच गाडी घेऊन त्या दारात कसं जायचं? ब्रिटनमध्ये १९९८पासून एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची सोय आहे. माणूस गॅरेजमध्ये बनवलेली गाडी नेतो, निरीक्षक ब्रेक, दिवे, पट्टे, स्टिअरिंग, धूर बघतो, नापास केली तर कारणं लिहून देतो. जुन्या भागांतून बांधलेल्या गाडीच्या नंबरावर 'क्यू' अक्षर येतं. आपल्याकडे दोनच गोष्टी, एक तर टाळ्या नाहीतर जप्ती.

या दोहोंच्या मधे सापडलेल्या दोन मराठी माणसांची गोष्ट सांगतो. पहिले इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांनी १९४९च्या सुमाराला 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. इंजिन मागे, किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवायची हे ध्येय. एक मॉडेल करून थांबले नाहीत, दोन दशकांहून जास्त काळ ती सुधारत राहिले. ती गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली, पण कारखाना उभा राहिला नाही. देशात स्वस्त छोट्या मोटारीची चर्चा चालू होती तीच ही वर्षं.

दुसरे दत्तात्रय लोहार, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. मुलाच्या हौसेसाठी त्यांनी मोडीतल्या गाड्यांचे भाग जमवून छोटी जीप केली. खर्च साठेक हजार. इंजिन दुचाकीसारखं किक मारून सुरू व्हायचं, तेही ड्रायव्हरच्या बाजूने उभं राहून. डिसेंबर २०२१मध्ये तिचं चित्रण देशभर फिरलं. आनंद महिंद्रा यांनी जाहीर लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, म्हणून मी बदल्यात बोलेरो देतो, आणि ही गाडी आमच्या रिसर्च व्हॅलीत ठेवू. जानेवारी २०२२मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली आणि ती छोटी जीप कंपनीने ताब्यात घेतली.

ती रिसर्च व्हॅली आहे आमच्या चेन्नईजवळ, चेंगलपट्टूच्या बाजूला. माझ्या घरावरून जीएसटी रोडने सरळ गेलं की येते. मी आत गेलेलो नाही. पण त्या रस्त्याने जाताना दर वेळी मनात येतं, इथे कुठेतरी देवराष्ट्रेची जीप उभी आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १९६२च्या चिनी युद्धाच्या धक्क्यात ते संरक्षणमंत्री झाले, सैन्याला तातडीने अधिकारी हवे होते, आणि १९६३च्या सुरुवातीला मद्रासला ते ट्रेनिंग स्कूल निघालं ज्यातून पुढे मी बाहेर पडलो. तिथल्या एका लोहाराची जीप मुक्कामाला आली तीही इथेच. योगायोग आहे, त्यातून मी काही सिद्ध करत नाही.

बोलेरोच्या व्यवहाराबद्दल मला दोन मतं आहेत. माणसाला चांगली, सुरक्षित, कागदपत्रं असलेली गाडी मिळाली, उत्तम झालं. तो शब्द पाळला गेला हेही महत्त्वाचं. पण ते एका उद्योगपतीच्या मनाच्या मोठेपणावर झालं. लोहारांनी ती जीप घेऊन एखाद्या तपासणी केंद्रात जावं, तिथल्या निरीक्षकाने "ब्रेक बदला, दिवे लावा, ताशी तीस किलोमीटरच्या वर नको, हमरस्त्यावर नको" असं लिहून द्यावं, असं झालं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. आणि पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी, जास्त चांगली जीप बनवली असती.

माझ्या मागच्या या गाडीबद्दल सांगतो आणि थांबतो. सुटे भाग पुदुपेट्टईच्या मोडबाजारातून आणले. तिथे एका दुकानात नुसते गिअरबॉक्स, शेजारी नुसते दरवाजे, पलीकडे नुसते स्टिअरिंग. मूळ जिप्सीची नोंदणी रद्द झालेली आहे, त्यामुळे ही रस्त्यावर कधीच येणार नाही. ट्रकवर चढवून एका मित्राच्या चेंगलपट्टूकडच्या शेतात न्यायची आणि तिथल्याच तळ्याकाठी, टेकाडावर चालवायची, इतकाच बेत.

गेल्या वर्षी पहिली चाचणी आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर घेतली. नातू आठ वर्षांचा, शेजारी बसायचा हट्ट धरून होता. मी नाही म्हटलं, रुसला. ताशी दहाच्या वेगाने निघालो, ब्रेक दाबला आणि पेडल थेट फरशीला टेकलं. गाडी वाळूच्या ढिगात जाऊन थांबली. ब्रेकच्या पाइपाचं टोक एकदाच फुलवलेलं होतं. तिथे दुमडून दुहेरी फ्लेअर करावा लागतो, नाहीतर दाबाखाली तेल गळतं. मेस्त्रीला ते माहीत होतं. मीच घाई केली होती, आणि तो बिचारा 'सार' म्हणतात तर असेल, म्हणून गप्प बसला. हे ऐकून मला १९८७ आठवलं. त्या दिवसापासून आमच्यात करार आहे, त्याने मला रोज एकदा तरी नाही म्हणायचं.

तीन महिने घेऊन सगळे पाइप बदलले. पेट्रोलची टाकी मागून काढून सीटखाली आणली, बॅटरी फरशीवर, स्टेपनी पिंजऱ्याच्या मागून उतरवून आडवी बसवली. एक-एक वस्तू काट्यावर तोलून वहीत लिहिली आहे. गुरुत्वमध्य मोजला, जमिनीपासून तेवीस इंच. तो मोजायची रीत अशी की एक अ‍ॅक्सल दोन फूट उचलायचा आणि दुसऱ्या अ‍ॅक्सलवर किती वजन वाढलं ते बघायचं. त्यासाठी काटा घेऊन भंगारवाला घरी आला होता, त्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

तो ड्रायव्हर पेन्शनवर गावी असतो. कृत्रिम पायाने ट्रॅक्टर चालवतो, पंचक्रोशीत मळणी यंत्रं दुरुस्त करतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. या वेळी मी त्याला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बराच वेळ खालून, बाजूने, मागून बघत होता. मग म्हणाला, "साहेब, पाण्याचा कॅन कुठं ठेवणार?"

म्हटलं, सीटच्या पायथ्याशी, एकच.

"पट्ट्यानं बांधा," म्हणाला.

पुढच्या भागात जोंगा. जय हिंद.